शेवळांबरोबरची काकडं

माझ्या शेजारच्या गाळेवाल्याने एका वारली बाईला फसवलं आणि बदनामी तिचीच झाली. परवा दादरच्या मंडईत शेवळांचा मातकट वास आला आणि ते सगळं आठवलं. ती डहाणूकडून शेवळं ही पावसाळी रानभाजी आणायची. भाव कमी करायला मी कितीही भांडलो तरी ती हटायची नाही, पण प्रत्येक जुडीबरोबर काकडं नावाची मूठभर आंबट रानफळं फुकट द्यायची. काकडं न घालता शेवळं शिजवली तर घसा खाजतो, म्हणून नुसती शेवळं कुणाला द्यायची नाहीत, ही तिच्या पाड्याची रीत. एका वर्षी शेजाऱ्याने तिचा माल घेतला, काकडं काढून लोणचंवाल्याला विकली आणि शेवळं तशीच खपवली. दुसऱ्या दिवशी नायगावचं एक गिऱ्हाईक घसा धरून त्याच्या गाळ्यावर आलं. "विष विकतोस काय रे?" यानं समोर बसलेल्या तिच्याकडे बोट केलं. "जंगलातला माल, ताई. तिला विचारा." ती त्याच्याकडे वळली. "दादा, काकडं दिलेली ना मी तुला?" हा जुड्या लावत बसला. मी त्याची पाटी लाथेनं उडवली, पण ती आपली टोपली उचलून गेली ती परत आलीच नाही. तो अजून माझ्या शेजारीच बसतो. आता सगळ्या मंडईसमोर मी त्याला विचारतो: तिनं काकडं दिली होती की नाही? बोल.