कपाशीच्या बोंडावरचा हात

आमच्या मायचा एकही फोटो नाही.

फक्त एक हात आहे. तोही पापणी लवते तेवढाच दिसतो.

तो टिपणारा आमचा दादा आज सकाळी गेला.

शंभरीला टेकला होता. भेटायला येणारे म्हणतात, सोनं झालं. झालं असेल. मला मात्र सकाळपासून चहा गोड लागेना.

दादा रिठदहून अकोल्याला गेला आणि फोटो स्टुडिओत कामाला लागला, तेव्हा इंग्रज अजून जायचे होते. मालकाकडे चावी भरून चालणारे दोन जुने सिनेमाचे कॅमेरे होते. दादाच्या कामावर खूश होऊन एकदा ते म्हणाले, यातला एक तुझा. कोणता, ते तू ठरव.

एकात रीळ भरभर पळायचं, म्हणून पडद्यावर सगळं सावकाश दिसायचं. आज तुम्ही स्लो मोशन म्हणता ना, ते.

दुसऱ्यात बटण दाबलं की एकच चित्र. थांबून थांबून दाबत राहायचं. मग दोन दिवसांत झालेलं पडद्यावर चुटकीसरशी होतं. टाइम लॅप्स.

दादाचा जीव पहिल्यावर होता.

दसऱ्याला तो घरी आला तेव्हा माय अंगणात मूग पाखडत होती. दादा म्हणाला, सुपातून उडालेले दाणे हवेत थांबलेले दाखवतो तुला. आणि त्यांच्या मागं तुझा चेहरा.

मायनं सूप खाली ठेवलं.

तिच्या बहिणीनं जत्रेत हौसेनं फोटो काढून घेतला होता आणि त्याच साली ती गेली. फोटोनं आयुष्य कमी होतं, हे तेव्हापासून मायच्या डोक्यात पक्कं बसलं. कॅमेरा म्हटलं की ती पदर ओढून घरात.

"माह्या तोंडाचं काय पाह्यतं रे? कपाशीचं काढ. बोंड कसं फुटते, हे कोनं पाह्यलं आजवर? रातच्याले बंद, अन् सकाळी पाहा तं फुटेल."

दादा त्या दिवशी धड जेवला नाही. अकोल्याला गेला आणि येताना दुसरा कॅमेरा घेऊन आला.

शेताच्या धुऱ्याजवळचं, बांधालगतचं कपाशीचं एक झाड निवडलं. वाऱ्यानं हलू नये म्हणून तीन तुराट्या रोवून बांधलं. कॅमेऱ्यावर छत्री, स्वतः उन्हात. घड्याळ कुठलं? जमिनीत काडी खोचून रेघा ओढल्या. काडीची सावली रेघेवर आली की बटण. खट.

गावाला आयतीच करमणूक मिळाली. जो तो वाट वाकडी करून यायचा.

"काहो नामदेव, तुमी कपाशीची राखण करून राह्यले का कपाशी तुमची?"

दादा हसायचा, पण नजर काडीवरून हलवायचा नाही.

तिसऱ्या दिवशी वेचणी सुरू व्हायची होती. आमच्याकडे त्याआधी सीतादही असतं. बाया कपाशीची पूजा करतात, दहीभात शिंपडतात आणि पहिला कापूस देवासाठी काढतात. तो मान मायचा. मी तिच्या मागं दहीभाताची वाटी घेऊन उभी.

मायनं कपाशीच्या पूर्ण ओळीवर नजर फिरवली. सगळ्यात सुरेख फुटलेलं बोंड कोणतं असणार? दादानं जपलेलं तेच.

माय त्याच झाडापाशी जाऊन वाकली.

दादाला म्हणता आलं असतं, थांब. रीळ अजून संपलं नव्हतं. सावली रेघेपासून लांब होती, तरी त्यानं बटण दाबलं. खट. पुन्हा खट.

माय दचकली. "कायचा आवाज होय रे?"

"बोंडाचा, माय," दादा म्हणाला.

मायनं कापूस पदरात घेतला आणि पुढं गेली.

रीळ धुवायला मुंबईला गेलं. ते परत यायच्या आत, थंडीत, तापाचं निमित्त होऊन माय गेली.

दादानं मालकाकडून हातानं फिरवायचा, बॅटरीच्या दिव्याचा प्रोजेक्टर मागून आणला. भिंतीवर धोतर लावलं. बोंड तडकलं, पाकळ्या मागं वळल्या, कापूस फुलून खाली लोंबला. आणि एकदम तो हात. हिरव्या बांगड्या भरलेला, बोटाला दहीभात चिकटलेला.

रिळात रंग नव्हता. पण बांगड्या हिरव्याच होत्या, मला माहीत आहे.

आला आणि गेला.

दादानं रीळ मागं फिरवलं. पुन्हा लावलं. पुन्हा फिरवलं. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "दादा, तो सावकाश दाखवणारा पहिला कॅमेरा घेतला असता, तं हात जरा थांबला असता."

दादानं रीळ आणखी एकदा मागं फिरवलं. मग म्हणाला, "तो घेतला असता, तं माय त्याच्यापुढं आलीच नसती."

परवा दादाच्या नातवानं ते रीळ मोबाइलवर उतरवून आणलं. दादाला दिसत नव्हतं फारसं. मायचा हात येताच मी बोट टेकवून चित्र थांबवलं आणि मोबाइल त्याच्या डोळ्यापाशी धरला.

दादानं काचेवर तळवा ठेवला. काढलाच नाही. मोबाइलची बॅटरी संपली तरी.

जाय दादा. आता माय पदर ओढून घरात नाही जाणार.

तुझ्या लहान बहिणीचा शेवटचा नमस्कार.