गोदामाच्या दारातली शिदोरी

नातवाच्या घरासाठी सिमेंट उतरलं, आणि त्या कोरड्या वासानं मला पुलगावजवळच्या गिरणीच्या बांधकामावर नेलं. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी तिथलं गोदाम सांभाळायचो.

त्या दिवशी स्टेशनात मालगाडीची सिमेंट भरलेली वाघीण आलीच नव्हती. गवंडी रिकामे बसलेले, आणि ओव्हरसियर सगळ्यांदेखत माझी लाज काढत होता. मान वर केली, तर दारात माझी नवी बायको. नाचणगावाहून भाकर घेऊन आलेली.

तो गेल्यावर मी तिच्यावरच ओरडलो, "काऊन आली? पुन्हा येजो नोको इकडं!"

"भाकर थंडी होऊन राह्यली," एवढंच म्हणून ती शिदोरी ठेवून वळली.

तिनं मला तसं पाहिलं, याची तेव्हा लाज वाटली. आज वाटते ती निराळी. वैशाखातल्या उन्हात चालत आलेल्या तिला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.