देवळाची पेटी

आमच्या पेटीमास्तरांसारखा रागीट माणूस मी दुसरा पाहिला नाही. एखादं पोर बेसूर झालं की त्यांचा हात वर जायचा आणि फाडकन स्वतःच्याच मांडीवर पडायचा. "कान तुमचा कच्चा हाय, शिकवणारा मी हाय. मार मलेच पाह्यजे," म्हणायचे आणि मांडी चोळत घरी जायचे.

सत्तरच्या दशकात पवनी तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात ते भजनाला पेटी वाजवत. संध्याकाळी तीच देवळाची पेटी खांद्यावर घेऊन शाळेच्या ओसरीवर येत आणि पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवत. शिकवत म्हणजे नुसता सा. "काहून बोंबलून राहिला बे? सा इथंच बसला हाय, त्याच्या बाजूले जाऊन बस!" ज्याचा सा लागेल, त्यालाच पेटीवर बोट ठेवायला मिळे. त्यासाठी आम्ही जीव टाकायचो.

एकदा माझा सा लागला. आमचं घर बौद्ध वस्तीत. माझ्या बाबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मास्तरांनी माझं बोट धरून पट्टीवर ठेवलं, भाता हलवला. "दाब! हा तुयाच आवाज हाय."

दुसऱ्या दिवशी भजनमंडळाचे अध्यक्ष ओसरीवर हजर. "मास्तर, पेटी देवाची हाय. त्या पोट्टीनं हात लावला, आता भजनाले कशी चालन?"

"पोरीचा सूर चालते, बोट नाही चालत?" मास्तर ओरडले.

अध्यक्षांनी पेटी उचलून नेली आणि शुद्ध करायची म्हणून देवळाच्या विहिरीवर चक्क धुतली. आत कापडाचा भाता, सरसाने चिकटवलेले सांधे! पुढच्या भजनाला पेटी खोकली आणि बंद पडली. लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. मला कधी हसू आलं नाही, संतापच येतो.

मग तेच अध्यक्ष दुरुस्तीसाठी मास्तरांच्या दारात. "करून देतो," मास्तर म्हणाले, "पण पहिला सूर हे पोरगी वाजवन. देवळात, सगळ्यायसमोर."

ती अट मानण्याऐवजी मंडळाने नवी पेटी आणली, नवा वाजवणारा आणला. मास्तरांची खोली देवळाच्या जागेत होती, ती रिकामी करायला लावली. ज्यांची पोरं त्यांनी शिकवली, त्यातला एकही बाप तोंड उघडून बोलला नाही. षंढ कुठले!

मास्तर लाखांदूरच्या एसटीत बसले तेव्हा मी खाली उभी राहून रडत होते. ते खिडकीतून खेकसले, "रडते कायले? राग येऊ दे. पण बेसूर होऊ नोको." ते मुलीकडे गेले ते गेलेच.

पुढे मी शिक्षिका झाले. पोरांना सा शिकवते, पेटी पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती देते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मास्तर वारल्याची बातमी आली आणि गावाने देवळाच्या मंडपात शोकसभा घेतली. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "मास्तर आमच्या गावाचं भूषण होते." माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. "तुमीच त्यायले गावाबाहेर काढलं. मी पेटीले बोट लावलं म्हणून!"

"जुन्या गोष्टी कायले उकरून राहिली, बाई?" अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. "ये, मास्तरांच्या नावानं एक भजन म्हण." आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी पेटी माझ्यापुढे सरकवली.

"पहिले सगळ्यायसमोर सांगा," मी म्हटलं, "ते पेटी काहून धुतली होती."

अध्यक्ष खाली बसले. मी पेटीला हात लावला नाही.