मास्तर मासा झाले, त्या सकाळची गोष्ट

आमच्या शहरातून समुद्र गाडीनं दिवसभराच्या अंतरावर. तरीही माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मोठे समुद्री मासे पकडायची दोन रिळं एखाद्या दरबारातल्या सरदारांसारखी समोरासमोर बसली होती. पुण्याच्या मित्रानं दोन्ही पाठवून कळवलं होतं, एक ठेव, एक परत कर.

रत्नागिरीच्या साडूंनी होडीत माझ्यासाठी एकच जागा धरली होती, तीही अटीवर. "साडूभाऊ, रीळ तपासून आणा. तुमची सुरमई सुटली की होडीवाला मला हसतो. रविवारपर्यंत खात्री द्या, नाहीतर जागा माझ्या शेजाऱ्याची." सुरमईपेक्षा तो शेजारीच माझ्या डोळ्यांसमोर जास्त यायला लागला.

एक रीळ सोनेरी, हाताला हलकं, फिरवलं तर आवाजही नाही. दुसरं काळं आणि बत्त्यासारखं जड. माझा जीव अर्थातच सोनेरीवर.

पण रिळाची परीक्षा त्याच्या ब्रेकमध्ये. तो फार आवळला तर मासा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तोडतो, सैल ठेवला तर सगळा तंगूस घेऊन जातो. तंगूस जेवढा भार पेलतो त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी ओढ बसली की ब्रेकनं तो हळूहळू सोडायला हवा. तेवढं वजन म्हणून मी वैजापूरहून आलेले कांदे काट्यावर मोजून पिशवीत भरले आणि गळाच्या काठीवरच्या तंगुसाला बांधून गॅलरीतून खाली सोडले.

"अहो, ती भाजी आहे घरची," बायको म्हणाली.

"आत्ता मासा आहे."

दोन्ही रिळांनी पिशवी अगदी अदबीनं खाली नेली. ती दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा तिथले निवृत्त उर्दू मास्तर चहा पीत होते. हरसूलकडच्या पाण्यावर गळ टाकायला आम्ही बरोबर जातो. पिशवी घेऊनच ते वर आले.

"मियाँ, ये क्या इम्तिहान है? प्याज भागती नहीं. मछली भागती."

"मग पळणारं काय आणू?"

मास्तरांनी मान किंचित झुकवली. "बंदा हाज़िर है."

इमारतीमागच्या मोकळ्या मैदानात तंगूस मास्तरांच्या जुन्या गिअरच्या स्कूटरच्या कॅरिअरला बांधला. मी कमरेला पट्टा आवळून त्याच्या खोबणीत काठी रोवली. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. बायकोनं वरून मोबाईल धरला.

पहिला मान सोनेरीचा. मास्तर सुटले, तंगूस झरझर सुटला, मी गॅलऱ्यांकडे पाहून मिशीवर हात फिरवला. दुसऱ्या धावेत रीळ तापलं. ब्रेक धरायचा, सोडायचा, परत धरायचा. मला तीन हिसके बसले, चौथ्याला तंगूस फटकन तुटला आणि मास्तर मैदानभर मोकळे फिरून माझ्यासमोर येऊन थांबले.

"मियाँ, मैं तो छूट गया."

"दिसलं."

मग काळं लावलं. मास्तर इरेला पेटले. सरळ पळाले, अचानक वळले, कडूनिंबाला वळसा घालून तंगूस अडकवायचाही डाव टाकून पाहिला. रीळ एकाच लयीत तंगूस देत राहिलं, हिसका म्हणून नाही. शेवटी त्यांनी गाडी न्यूट्रलवर टाकली आणि हात वर केले. मी काठी उचलत, खाली नेताना रीळ गुंडाळत, उलट्या चालणाऱ्या स्कूटरसकट मास्तरांना माझ्या पायापर्यंत ओढत आणलं. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. सोनेरी रीळ मी डबीत घातलं, मन जरा खट्टू झालं, पण घातलं.

बायकोचा व्हिडिओ साडूंना पाठवला. थोड्या वेळात त्यांचा फोन आला. हसण्यातून त्यांचे शब्द बाहेर पडत नव्हते.

"काळं घेऊन या. जागा तुमची. आणि ते स्कूटरवरचे कोण? त्यांनाही आणा, सरकून बसू."

मी फोन स्पीकरवर लावला होता. मास्तर पिशवीतले कांदे परत टोपलीत भरत होते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला, खूप विचार करत असल्याचा आव आणला.

"चलूँगा," ते म्हणाले, "मगर समंदर में मछली तुम बनना."