बाटलीमावशीला फुटलेला पान्हा

दुग्धशाळेत सगळे तिला बाटलीमावशी म्हणत. वय त्रेपन्न, लग्न केलं नाही, पोटचं मूल नाही. पण तीस वर्षांत हजारभर वासरं तिच्या हातून वाढली. वासराला दोन दिवस आईचा चीक मिळे. तिसऱ्या दिवशी त्याला पलीकडच्या लांब शेडमध्ये आणत, आणि मावशी त्याच्या तोंडात रबरी बोंडाची बाटली देई.

त्या वर्षी काहीतरी बिनसलं. शेडमध्ये आपण एकटीच आहोत असं समजून ती वाकलेली असे, आणि मान वळवली की शेजारी वासरू. आत्ता नव्हतं, आत्ता आहे. नुसतं उभं, तिच्या छातीकडे बघत. ‘जमिनीतून उगवतात मेली,’ असं ती थोरल्या बहिणीला हसत सांगायची, पण एकटीनं शेडमध्ये जायचं टाळायची.

मग कामाचा झगा छातीशी ओला होऊ लागला. बाटली गळत असेल म्हणून तिनं तीन बाटल्या बदलल्या. एका दुपारी, जिचं वासरू नुकतंच नेलं होतं ती काळी गाय पलीकडून हंबरली, आणि मावशीच्या छातीत मुंग्या आल्या. हात रिकामे होते. तरी कापड भिजलं.

धुणं थोरलीकडे असे. तिनं झगा नाकाशी धरला.

“हे बाटलीतलं नाही,” ती हळूच म्हणाली. “किती दिवस झाले गं?”

मावशीची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. कुणाला सांगायचं आणि कोण विश्वास ठेवणार? शेवटी ती ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांकडेच गेली. ते हसले नाहीत. दूध कासेत असलं तरी हुकूम डोक्यातून सुटतो, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, असं त्यांनी समजावलं; वासरांना म्हणे वासानं कळत असणार. वासरं उगवतात हे ऐकून मात्र त्यांनी खुर्ची पुढे ओढली. समोर बसून त्यांनी दोन्ही हात बाजूंना पसरले.

“माझ्या नाकाकडे बघा. बोटं हलताना दिसतायत?”

“कुठली बोटं?” मावशीनं विचारलं.

ते स्वतः तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. ग्रंथीवर द्राक्षाएवढी गाठ होती. तीच दुधाचा हुकूम सोडत होती, तीच डोळ्यांच्या नसा दाबत होती. वासरं रोज चालतच आली होती. मावशीला दोन्ही बाजूंचं दिसणं बंद झालं होतं.

गोळ्यांनी गाठ आकसली. दोन महिन्यांत छाती कोरडी पडली, कडेचं जग परत आलं. वासरं आता लांबूनच येताना दिसतात.

राहिली ती काळी गाय. तेव्हापासून दूध काढायचं यंत्र लावलं तरी ती पान्हा चोरते. मावशीला बोलवावं लागतं. मावशी जवळ गेली की गाय वासराला चाटावं तसं तिचं मनगट चाटते आणि नळीत दूध धो धो उतरतं. यंदा ती पुन्हा व्याली. ओलं वासरू तिच्या पुढ्यात धडपडत होतं. तिनं त्याला हुंगलं, आणि मान वळवून ती दाराकडे बघत राहिली, मावशी येईपर्यंत.