माह्यावाली

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जेवढी म्हणून माणसं मी पाहिली, त्यांत माझ्या भाच्याइतका चोखंदळ माणूस दुसरा झाला नाही. हे मी मावशीच्या मायेनं म्हणत नाही, जन्मभर शाळेत पोरं हाकलेल्या बाईच्या अनुभवानं म्हणते. चोखंदळ म्हणजे खाण्यापिण्यात नव्हे हं. कालची भाकर आणि वर ठेचा वाढा, मुकाट्यानं खाईल. शर्टाला दोन रंगांची बटणं लावून द्या, महिनाभर त्याला पत्ता लागणार नाही. त्याचा सगळा चोखंदळपणा एकाच जागी साठलेला होता, आणि ती जागा म्हणजे कान. कारण माझा भाचा बेस गिटार वाजवतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही ठाऊक नव्हतं. ऑर्केस्ट्रात एक जण मागे उभा राहून लांब दांड्याची, चार जाड तारांची गिटार दुम् दुम् वाजवत असतो. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण तो थांबला की वरणातलं मीठ गेल्यासारखं होतं. तो हा.

माझी थोरली बहीण वलगावला दिलेली. घरची भाजीपाल्याची आणि झेंडूची शेती, आणि हा एकुलता एक. कॉलेजसाठी माझ्याकडे अमरावतीला राहायला आला तेव्हा सोबत एक सुटकेस, पोतंभर वांगी आणि कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्याकडून मागून आणलेली एक लाल बेस होती. दुसऱ्याच दिवशी पाहते तर हा फ्रीजला कान लावून उभा. म्हटलं, "काय करतोस रे?" तर म्हणतो, "मावशी, तुह्या फ्रीजचा सूर उतरून राहिला. मेकॅनिकले बलाव." मी म्हटलं, थांब, तुझाच सूर उतरवते. आठवड्याच्या आत फ्रीज बंद पडला आणि माझं नाक कापलं गेलं. एकदा गहू दळायला पाठवला तर दोन तासांनी हात हलवत परत. गिरणीचा पट्टा कसा घुमतो ते ऐकत बसला होता म्हणे. "अन् पीठ?" मी विचारलं. "अरे हो, पीठ," असं म्हणून जो पुन्हा गेला तो अंधार पडता पडता आला, कारण तोवर गिरणीवाल्यानं दुसरी मोटार सुरू केली होती.

त्याच्याजवळ स्पीकर नव्हता. बेस गिटार स्पीकरशिवाय वाजवली तर वाजवणाऱ्यालासुद्धा नीट ऐकू येत नाही. पण चोखंदळ माणूस हार मानतो थोडाच! स्वयंपाकघराच्या सागवानी दाराला गिटारीचं डोकं टेकवून वाजवली की दार घुमतं, हा शोध त्यानं लावला. दार घुमायचं, दारामागची मांडणी घुमायची, मांडणीवरचे माझे झाडून सगळे डबे थरथरायचे, आणि हरभऱ्याच्या डाळीचा डबा तर काठाकाठानं चालत येऊन दोनदा खाली पडला. दार मोकळं नसेल तेव्हा गिटारीचा वरचा कोपरा दातात धरायचा. "दातानं लय साफ ऐकू येते व मावशी!" मी म्हटलं, वाजव बाबा, पण कवळी बसवायची वेळ आली की माझ्याकडे येऊ नकोस.

आणि मग सुरू झाली शोधाशोध. लाल बेस महिनाभरात परत गेली. मग धामणगावच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलानं हौसेनं घेऊन खुंटीला टांगलेली आली. ती तीन आठवडे राहिली. मग शेंदूरजनाघाटच्या संत्रावाल्यांची, मग नागपूरहून पाच तारांची, मग आणखी कोणाची. उपवर मुलाचे आईबाप पाहतात ना, तशी याची पाहणी चालायची. उजेडात धरून पाहायचा, उलटी करून पाहायचा, पाठीवर टिचक्या मारायचा, एकच तार वाजवून डोळे मिटून बसायचा. नकार देतानाही कोणाचं मन दुखवायचा नाही. "चांगली आहे, पण वरवर बोलते." "आवाज गोड आहे, पण लाडावलेली आहे." "हिचं पोट रिकामं आहे." आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "चांगली आहे व मावशी, पण माह्यावाली नाही." एकदा मी कावून म्हटलं, "अरे, पोरी पाहत फिरणारा नवरदेवसुद्धा इतके नकार देत नाही. लोक जोडे घेऊन मागे लागतील." तर शांतपणे म्हणतो, "मले तिचा आवाज माहीत आहे. फक्त ती कुठी आहे ते माहीत नाही." मी त्याला कढी-गोळे वाढले.

वलगावला मात्र हा विषयच बंद होता. माझे भाऊजी, म्हणजे याचे वडील, तोंडानं वाईट नाहीत, पण एकदा गप्प झाले की बैल उठेल, ते उठायचे नाहीत. पोरगा शेतात राबला नाही याचा त्यांना राग नव्हता. पोरगा मागे उभा राहून दुम् दुम् करतो आणि लोक त्याला काम म्हणतात, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. "माणसाच्या हातात अवजार पायजे. हे तुंतुणं काय अवजार आहे?" एवढं एकदा म्हणाले, त्यानंतर तीन वर्षं त्यांनी बेस हा शब्द उच्चारला नाही. भाच्यानं ते सोसलं. मला सोसवेना. बापलेकांनी एका ओट्यावर बसून त्या वस्तूबद्दल चार शब्द बोलावेत, हा ध्यास त्याचा नव्हता, माझा होता.

बेस सापडली अकोल्याला. मी एका मैत्रिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला निघाले होते, हाही सोबत आला, कारण जुन्या शहरात एका म्हाताऱ्याच्या भिंतीवर एक बेस टांगलेली आहे असं त्याच्या कानावर आलं होतं. जेवणं आटोपून आम्ही गेलो. म्हातारा कधीकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचा, आता वातानं बोटं आखडलेली. बेस पाहून तर मला वाटलं, भंगारवालाही हिला तराजूत घालणार नाही. रंग उडालेला, कडा झिजलेल्या, तारा काळ्या कुळकुळीत. भाच्यानं ती गळ्यात घातली, म्हाताऱ्याच्या जुन्या स्पीकरच्या खोक्याला जोडली आणि एक तार वाजवली. थांबला. तीच तार पुन्हा वाजवली. मग परक्या घरात खुशाल फरशीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, पाणी दे." मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण तो आवाज कानाला लागलाच नाही, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पोटात जाऊन बसतं तसा थेट आत जाऊन बसला. पाणी पिऊन झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "माह्यावाली."

म्हातारा बराच वेळ त्याच्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "मले वस्तू विकाची नाही. घेऊन जा. दर रविवारी येजो अन् तासभर वाजवून दाखवजो. माही बोटं चालत नाहीत, कान चालतात." आम्ही उठलो तेव्हा त्यानं मला थांबवलं, कारण घरातली मोठी मीच. "बाई, एक ध्यानात ठेवा. हिले पाणी नाही, पालिश नाही, तेल नाही. कोरडं फडकं, बस. त्या तारांवर माह्या बोटांचा पंचवीस वर्षांचा मळ आहे. तोच आवाज आहे. तो काढू देऊ नका." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, शी! पंचवीस वर्षांचा मळ!

त्यानंतरचं दीड वर्ष माझ्या घरात जो आनंद होता तो मी कशाशी तोलू? भाच्याच्या कानांचं भटकणं थांबलं. फ्रीज बिघडो की पंखा, त्याला सोयरसुतक नव्हतं. दर रविवारी अकोला, काही झालं तरी अकोला. संध्याकाळी तो दाराशी बसून वाजवायचा आणि मी आत भाजी चिरायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भेंडीच्या चकत्या एकसारख्या झाल्या. कोणी दुसरी बेस दाखवली तर सुखी संसारी माणसासारखा हसून म्हणायचा, "आता काय पाहाचं?"

मग ती नवरात्र आली. त्याला नागपूरला अष्टमीपर्यंत आठ रात्रींचा कार्यक्रम मिळाला. मंडपातली धूळ आणि धक्काबुक्की नको म्हणून ही बेस माझ्या कपाटावर ठेवून दुसऱ्याची घेऊन गेला. जाताना म्हणाला, "मावशी, हलवू नको." खंडेनवमीला दुपारी तो थेट वलगावला येणार होता. आणि मला, या अतिशहाण्या बाईला, सुचलं. खंडेनवमीला शेतकऱ्याच्या घरी सगळी अवजारं पूजेला मांडतात. भाऊजींना अवजारच हवं ना? मग हे त्याचं अवजार. रिक्षात मांडीवर घेऊन मी ती वलगावला नेली. म्हटलं, "भाऊजी, तुमचा फवारणीचा पंप तशी ही त्याची. हिच्यावर त्याचं पोट आहे. यंदा पूजेत ठेवा." ते तंबाखू मळत राहिले. मळून झाल्यावर म्हणाले, "ठेवा तथी." मी जिंकल्यागत आत गेले आणि बहिणीसोबत पुरण वाटायला बसले.

पुरण अर्धं वाटून झालं असेल, बाहेर पाण्याचा आवाज आला. ओट्यावर येऊन पाहते तर विळे धुऊन झालेले, खुरपी धुऊन झालेली, पंप धुऊन झालेला, आणि भाऊजींनी ओल्या पोत्यावर बेस उभी धरलेली. एका हातात मोटारीचा पाइप, दुसऱ्या हातात नारळाची शेंडी आणि राख. अवजार पूजेला मांडायचं तर ते धुऊनच मांडतात, मळकं कोण मांडतो? एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला पाहून ते रागावले, "काय मास्तरीणबाई, लेकराची वस्तू इतकी मळकी ठेवता का? तुमच्या घरी फडकं नाही?"

लेकराची वस्तू! तीन वर्षांत पहिल्यांदा. लहान पोराचे कान धुवावेत तसे ते एकेका खुंटीच्या बुडात बोट घालून धूळ काढत होते. म्हाताऱ्याचे शब्द मला आठवले, शब्दन् शब्द आठवला. तोंडापर्यंत आलं, "भाऊजी, थांबा!" नाही ओरडले. आता ओरडले तर हा माणूस ती खाली ठेवेल आणि जन्मात पुन्हा हात लावणार नाही, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या काळ्या तारा राखेनं उजळत होत्या ते पाहून माझ्यातल्या मास्तरणीला बरंही वाटत होतं. मी उभी राहिले आणि पाहत राहिले. तेवढा एक क्षण मला परत मिळाला तर त्याबदल्यात मी काय म्हणाल ते देईन.

दुपारी भाचा आला. पाटावर विळ्या-खुरप्यांच्या मधोमध ती, हळदीकुंकू लावलेली, घरच्या झेंडूचा हार घातलेली, लखलखीत. तो उंबऱ्यातच थांबला. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. भाऊजी म्हणाले, "काऊन उभा? नमस्कार कर. अन् वाजव बरं, पाहू दे काय वाजवतं हे तुह्यं." त्यानं नमस्कार केला, हार बाजूला सारला आणि ती उचलली. पोटातून पाण्याची धार त्याच्या पँटवर सांडली. तिचं डोकं दाराला टेकवून त्यानं तार वाजवली. पातेल्यावर चमचा आपटल्यासारखा टणत्कार झाला.

"कशी आहे?" बापानं विचारलं.

"मस्त झाली, बाबा."

"आता कशी टणटण वाजते! धूळ बसली होती सारी." त्या दिवशी भाऊजी चार पोळ्या जास्त जेवले. शेजारच्याला बोलावून दाखवली. "माह्या पोराचं अवजार," म्हणाले. जे पाहायला मी जिवाचं रान केलं होतं ते माझ्यासमोर घडत होतं, आणि मी ताटातल्या पोळीचे नुसते तुकडे करत होते.

नागपूरच्या कारागिरानं आतल्या वायरी बदलल्या, वाकलेला दांडा ताणून पाहिला. वाजायला लागली, पण बाजारातल्या दहा वाजतात तशी. अकोल्याला मीही सोबत गेले, दोष पदरात घ्यायला. म्हाताऱ्यानं आखडलेल्या बोटानं एकदा तार छेडली आणि लगेच तिच्यावर हात ठेवून ती थांबवली. भाच्यानं माझं नाव घेतलं नाही. "बाबांनी धुतली. खंडेनवमीले पुजली." म्हातारा म्हणाला, "पुजली नं? मंग माणसानं काय बोलावं." मी कबूल केलं ते त्या दोघांनीही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. परतीच्या गाडीत मी रडले तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, बाबाले सांगजो नको, बस." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो.

आता तो पुण्याला असतो. बरं चाललंय, मोठमोठ्या कार्यक्रमांत वाजवतो. मी फोनवर विचारते, सध्या कोणती वाजवतोस? "आहे एक." कशी आहे? "चालते." ज्या पोरानं दातात धरून गिटारी नाकारल्या, त्याला आता कुठलीही चालते. शोधतोस का रे अजून, असं विचारायची माझी हिंमत होत नाही.

ती बेस वलगावच्या घरात खुंटीला असते. दर खंडेनवमीला भाऊजी ती उतरवतात आणि सगळ्यांत आधी तीच धुतात. गेल्या वर्षी भाचा सुट्टी काढून आला होता. मी ओट्यावर होते. भाऊजींच्या हाताला आता पाइप पेलत नाही, म्हणून यानं तो धरला. बाप राखेनं तारा घासत होता आणि पोरगा त्याच्या हातांवर पाणी सोडत होता. "तिकडून जरा," भाऊजी म्हणाले, "बुडात धूळ राहते." त्यानं पाइप तिकडून धरला.