बाबांसाठी जड शब्द

मी सोपं लिहिते. हा माझा हट्ट आहे आणि थोडा गर्वही. 'तद्वतच', 'किंबहुना' असलं काही दिसलं की माझं डोकंच फिरतं. उटनूरच्या शाळेत मुलांच्या निबंधातले असे शब्द मी लाल पेनानं खोडते. 'जे म्हणायचं ते सरळ म्हणा की रे,' हे माझं ठरलेलं वाक्य. माझ्यामागे मुलं त्याची नक्कल करतात, हेही मला माहीत आहे.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा मी बोथजवळच्या आमच्या गावी गेले होते. बाबा जन्मभर सालगडी होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबायचे. पहिल्या स्मृतिदिनाला विहारात, साऱ्या गावासमोर, त्यांच्याबद्दल एक पान वाचायचं होतं. लिहिणार अर्थात मीच.

माघातली दुपार होती. रस्त्यानं कापसाच्या गाड्या बाजाराला जात होत्या आणि त्यांतून सुटलेले पांढरे पुंजके आमच्या अंगणात तरंगत येत होते. आई उन्हात गोधडीवर डोळे मिटून पडली होती. मी पायरीवर कागद घेऊन बसले होते. कडुनिंबाची सावली कागदावरून सरकायची, डोळे जड व्हायचे, आणि वाटायचं, बाबा गोठ्याकडून येतायत, खांद्यावर दोर आहे, काहीतरी सांगणार आहेत. डोळे उघडले की नुसतं ऊन. लिहिणं कमी आणि तंद्रीच जास्त चालली होती.

शेवटी पान झालं. मी आईला वाचून दाखवलं. 'माझे बाबा दुसऱ्याच्या शेतात राबले. ते कमी बोलत. त्यांनी मला शाळेत घातलं. ते गेले आणि घर शांत झालं.' वाटलं, जमलं.

आईनं डोळे उघडले नाहीत. "त्याच्यात कालकथित नाही आलं."

आमच्या बौद्ध लोकांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी हा शब्द लावतात. मी म्हटलं, "आई, कालकथित म्हणजे गेलेले. तेच लिहिलंय, सोपं करून."

"सोपं काऊन केलं पन?"

"सगळ्यांना समजावं म्हणून. तुला तरी समजतो का तो शब्द?" मी जरा चिडूनच विचारलं.

आई उठून बसली. "नाही समजत. मोठा हाये, इतकं समजते. तुये बाबा लोकाइच्या घरी राबले, तवा सारे त्याइच्याशी सोप्पंच बोलले. ये. जा. उठ. ढोरं सोड. लहान लहान पोट्टेबी अरे मनत. आता तूबी सोप्पंच लिवतं काय?"

मला रडू आलं. रागही आला, पण आईचा नाही. ते ये, जा, उठ मीही लहानपणी ऐकलेलं होतं.

मी नवा कागद घेतला आणि आयुष्यभर टाळलेले शब्द एकेक करून आठवू लागले. अशा शब्दांची ओळ एखाद्या मुलानं लिहिली असती तर मी त्याला उभं केलं असतं. ऊन उतरत होतं, पुंजके अजून येतच होते. प्रत्येक शब्दागणिक बाबा मला थोडे लांब, फाटकाशी उभे दिसत होते, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, ओळखू न येण्याइतके ताठ. मी आजही सोपंच लिहिते, पण ते पान मी बदललेलं नाही.

लिहून झाल्यावर मी सावकाश वाचायला लागले. "कालकथित, परमादरणीय, श्रमनिष्ठ, वंदनीय आमचे पिताश्री..."

आईचा हात आपोआप डोक्याकडे गेला. कोणी मोठा माणूस घरी आला की घेते तसा तिनं पदर घेतला, आणि बाजूला सरकून गोधडीवर जागा केली.

"बसा जी," ती हळूच म्हणाली.